न निघालेल्या धुराचा व्यापारी

मेव्हणीच्या मुलीचं लग्न ठरत होतं तेव्हाची गोष्ट. मुलाच्या काकांनी ओळखपाळख करून घेताना मला विचारलं, "आपण काय करता?" मी खरं तेच सांगितलं. म्हटलं, "गावागावांतून जो धूर निघाला नाही तो मोजतो आणि परदेशात विकतो." काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि काकूंकडे पाहिलं. माझ्या बायकोनं घाईघाईनं सावरून घेतलं, "शेतकी खात्यात आहेत हो हे." लग्न झालं, पोरं झाली, पण त्या घरात मी आजतागायत शेतकी खात्यातलाच आहे. कांद्यावर करपा पडला की मला फोन येतो. मी सल्ला देतोही.

मुळात मी गोबरगॅसवाला. नव्वदच्या दशकात जुन्नर-आंबेगावात फिरून टाक्या बांधून घ्यायचं काम मी केलं. जमिनीत विटांचा घुमट गाडायचा, एका तोंडातून शेणकाला ओतायचा, आत गॅस तयार होतो, तो नळीनं स्वयंपाकघरात. दुसऱ्या तोंडातून निघतं ते पातळ खत. साधी गोष्ट आहे. पण त्या काळी आम्ही बांधलेल्या टाक्या मोजायचो, पेटलेल्या शेगड्या नाही. टाकी बांधली, फोटो काढला, हार घातला, की आमचं काम संपलं. नळी कुरतडली, बर्नर गंजला, तर विचारायला कुणी जायचं नाही. चार-पाच वर्षांनी त्याच वाटेनं गेलो तर एका टाकीत उंदीर, एकीवर भोपळ्याचा वेल, आणि एका बहाद्दरानं तिच्या घुमटावर दळण वाळत घातलेलं. "लई कामाची वस्तू दिलीत, साहेब," म्हणाला. मला तिथून कधी निघतो असं झालं.

लोक मला 'शेणसायब' म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे असं मी समजत होतो. मग एकदा लग्नपत्रिकेच्या पाकिटावरच तसं लिहून आलं.

दोन हजार सालानंतर ही कार्बनची भानगड आली. मी तेव्हा नारायणगावातल्या एका छोट्या संस्थेत होतो. कल्पना अशी: आपल्याकडची एक चूल बंद झाली, तर तेवढं लाकूड जळायचं वाचतं, तेवढा वायू आकाशात जात नाही. परदेशातली एखादी कंपनी, जिला आपला धूर लगेच कमी करणं जमत नाही, ती आपल्या या न निघालेल्या धुराचे पैसे देते. त्या पैशातून टाक्यांची देखभाल करायची आणि पुढच्या टाक्या बांधायच्या. मला हे ऐकून कोण आनंद झाला! आयुष्यात पहिल्यांदाच टाकी बांधल्याचे नाही, तर ती पेटत राहिल्याचे पैसे मिळणार होते.

हे मी निमगाव सावाच्या ग्रामसभेत समजावून सांगायला गेलो. तासभर बोललो. पृथ्वीचं तापमान, समुद्राची पातळी, सगळं झालं. शेवटी मागून एक जण उठला.

"म्हंजे बगा भाऊ, समजा मी औंदा जत्रंत तमाशाला गेलोच न्हाई. तर न गेल्याचं मला कुणी पैसं देईल का?"

मी म्हटलं, "देईल. पण तू एरवी नक्की गेला असतास, हे आधी पटवावं लागेल."

"ते आख्ख्या गावाला ठावं हाय!"

"आणि खरंच गेला नाहीस, हे कुणीतरी तिऱ्हाइतानं येऊन तपासायला पाहिजे."

त्यानं टोपी सरकवून डोकं खाजवलं. "मग ऱ्हाऊ द्या राव," म्हणाला आणि बसला. सभा इतकी हसली की माझा समुद्र कुठल्या कुठे वाहून गेला. पण सांगतो, हा धंदा अख्खा एवढाच आहे. एरवी झालं असतं का, आणि खरंच झालं नाही का. याच्यापलीकडे जाडजूड फायलींतून जे लिहितात ते सगळं याचंच भाषांतर. मी पुढे कित्येक व्याख्यानांत तमाशाचं उदाहरण स्वतःचं म्हणून खपवलं.

आता, चूल बंद झाल्यावर किती लाकूड वाचलं हे सांगायचं तर आधी किती जळत होतं ते कळायला हवं. म्हणून मी एका आडत्याकडून कांद्याचा काटा मागून आणला आणि बायकांना सांगितलं, उद्या सकाळी तुमची रोजची मोळी घेऊन चावडीसमोर या, आपण वजन करू. सकाळी बघतो तर काय, जत्राच! एकेकीच्या डोक्यावर एवढी मोळी की खालची बाई दिसेना. एकीनं नवऱ्याला सायकल घेऊन आणलं होतं. एका घराची मोळी बैलगाडीतून आली. आपल्या घरात शेजारणीपेक्षा कमी जळतं, असं चारचौघांत कोण कबूल करणार? "आमच्याकडं खाणारी तोंडं काय थोडी हायेत व्हय?" हे वाक्य मी त्या सकाळी प्रत्येकीच्या तोंडून ऐकलं. ती सगळी वजनं मी फाडून टाकली आणि नंतर न सांगता, आडवेळी घरोघर जाऊन मोजलं. या मुलखात कुणालाही घरातलं काही मोजायला सांगितलं की आकडा चढतो, हे मी तेव्हाच शिकायला हवं होतं. शिकलो नाही.

माझ्याबरोबर असायचे रशीदभाई. जुन्नरचे, पत्र्याचं आणि बर्नरचं काम करणारे. त्यांचं दुकान बाजारात होतं, पण जीव रस्त्यात. मोपेडच्या मागे अवजारांची पेटी बांधून ते घरोघर शेगड्या दुरुस्त करत हिंडायचे. आम्ही एकाच घरी गेलो की एक गंमत व्हायची. रशीदभाईंना सरळ आत बोलवायचे, ते शेगडीपाशी बसायचे, आणि त्याच शेगडीवर त्यांना चहा करून द्यायचे. मला मात्र ओट्यावर चटई. आणि आत चूल पेटायची. माझ्यासाठी चुलीवरची भाकरी, चुलीवरचं पिठलं. मला फार बरं वाटायचं. मनात म्हणायचो, बघा, माणसाला माणसाची किंमत असते. रशीदभाईंना नुसता गॅसवरचा चहा आणि आपल्याला चुलीवरची भाकरी.

जेवून उठलो की मी वहीत लिहायचो: 'चूल बंद. गॅस चालू.' याच्यात मला काही वावगं दिसायचं नाही. आज मी आलो म्हणून पेटली, आजचा दिवस वेगळा, तो धरायचा नाही. गंमत अशी, की मी जायचो तो प्रत्येक दिवस वेगळाच असायचा.

याच निमगावात मालनबाईंचं घर. नवरा दगडूभाऊ, दोन म्हशी, एक गाय, थोडी बागायत. टाकी अशी राखायच्या की आतला काला ढवळतानासुद्धा डोक्यावरचा पदर ढळायचा नाही. त्यांची एकुलती एक मुलगी रंजना, पिंपरी पेंढारच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी एक वाडी आहे, तिथे दिलेली. त्या वाडीत गोबरगॅस नव्हता. रंजनाला रोज ओढ्याकाठी लाकडाला जावं लागायचं, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना ऊस. आमच्या भागात बिबट्या जंगलात राहत नाही, उसात राहतो. त्या वर्षी वाडीतल्या एका बाईवर त्यानं ओढ्यातच झेप घेतली होती. ती वाचली, पण खांद्याची खूण राहिली. रंजना तेव्हा पोटुशी होती.

मालनबाई मला दर खेपेला एकच विचारायच्या. "भाऊ, माझ्या रंजीच्या वाडीत गॅस कवा?"

मी दर खेपेला तेच उत्तर द्यायचो. पहिल्या गावांतल्या टाक्या तिऱ्हाईत माणूस येऊन तपासणार. त्यानं 'खरं आहे' म्हटलं की पैसे येणार, आणि पैसे आले की दुसऱ्या फेरीत वाडी. त्या ऐकून घ्यायच्या. म्हणायच्या, "मग बोलवा की त्याला. आमच्यात काय खोट हाय?"

तो आला. चेन्नईचे शेषाद्री नावाचे गृहस्थ. उंच, काटकुळे, कपाळावर गंधाची बारीक रेघ, शुद्ध शाकाहारी, आणि आवाज कधी न चढणारा. तपासनिसाचा आवाज चढत नसला की समजावं, आपली धडगत नाही. मी कोणती घरं दाखवायची ते आधी ठरवून ठेवलं होतं, रंगरंगोटीही करून घेतली होती. शेषाद्रींनी माझ्या हातातून यादी घेतली, डोळे मिटले, बोट ठेवलं. मालनबाई. मला हायसं वाटलं. आपलं सगळ्यात चांगलं घर! मी त्याच संध्याकाळी रशीदभाईंच्या हाती आळीत निरोप धाडला, 'उद्या तपासायला साहेब येणार आहेत.'

या निरोपात मी काय करून ठेवलं ते मला दुसऱ्या दिवशी दिसलं.

सकाळी जीपमधून आम्ही गावाच्या अलीकडच्या चढावर आलो आणि मी जीपमधून डोकं बाहेर काढलं. मालनबाईंच्या घरातून धूर निघत होता. शेजारच्या घरातून धूर. त्याच्या पलीकडून धूर. अख्खी आळी धुरकटली होती. जिथे धूर निघत नाही असं मी तीन देशांना लेखी कळवलं होतं, ती आळी.

"मिस्टर, हे काय?" शेषाद्रींनी विचारलं.

मी म्हटलं, "धुकं असेल." उन्हाळा चालू होता.

दारात रांगोळी. दगडूभाऊ धुवट टोपी घालून उभे. मालनबाई बाहेर आल्या त्या घामानं निथळत, डोळे लाल. "या या पावणं! भाकरी टाकलीय. चुलीवरची हाय हां!" असं ज्या अभिमानानं त्या म्हणाल्या, तो अभिमान आठवला की मी आजही कपाळाला हात लावतो.

शेषाद्री सरळ आत गेले. चूल रसरसत होती. शेजारी गोबरगॅसची शेगडी, घासून लख्ख, फुलं वाहिलेली, थंडगार. ते इंग्रजीत विचारायचे आणि मी मराठीत सांगायचो, अशी पद्धत होती.

"ही चूल का पेटली आहे?"

मी मालनबाईंना विचारलं. त्या माझ्याकडे वेड्यासारख्या बघायला लागल्या. "का म्हंजे? एवढा लांबून पावणा आलाय, त्याला काय शेणाच्या गॅसवरचं वाढू? घरच्या माणसाला चालतंय. पावण्याला चूलच पेटवावी लागती की."

मनात आलं, काहीतरी दुसरंच सांगावं. पण शेषाद्री माझ्या तोंडाकडे बघत होते. मी आहे तसं भाषांतर केलं. आणि ते करता करता मला गेल्या कित्येक वर्षांतल्या माझ्या भाकऱ्या आठवायला लागल्या. एकेक भाकरी. पिठलं. हुरडा. वांग्याचं भरीत. अरे देवा! या प्रकल्पातला सगळ्यात मोठा धूर मीच होतो.

दारात उभे असलेले रशीदभाई हळूच म्हणाले, "साहेब, मला वाटायचं तुम्हाला ठाऊक आहे."

शेषाद्रींनी वही उघडली. "ठीक आहे. पाहुणे आले की चूल पेटते. तर पाहुणे किती वेळा येतात?"

हा प्रश्न मराठीत करताना मला मोळीची सकाळ आठवायला हवी होती. एव्हाना आळीतल्या बायका दारात जमल्या होत्या. मालनबाईंनी त्यांच्याकडे एकवार बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आमच्याकडं? रोज कुणी ना कुणी असतंयच. पावण्याबिगर ताट वाढल्याचं आठवत न्हाई."

त्यांची जाऊ मागून म्हणाली, "आमच्याकडं तर दोन-दोन पंगती उठत्यात."

"आमच्याकडं मुक्कामी असत्यात."

"आमच्या घरची तर चूल इझतच न्हाई पावण्यांमुळं!"

शेषाद्री लिहीत गेले. न निघालेला धूर माझ्या डोळ्यांदेखत निघायला लागला. चूल रोज पेटते म्हटल्यावर विकायला उरतंय काय? मी मालनबाईंना खूण करून गोठ्यात नेलं.

"बाई, काय चालवलंय तुम्ही? तो जेवढे पाहुणे लिहील, तेवढे पैसे कापणार. तुमचा एकेक पाहुणा रंजनाचा गॅस खातोय!"

त्यांचा चेहरा उतरला. मग चढला. "म्हंजे मी काय सांगू, भाऊ? माझ्या दारी कुत्रंबी येत न्हाई म्हनू? जावांच्या म्होरं? एकुलती लेक दिली तवाधरनं आमच्या घराकडं कोन फिरकतंय, हे त्यांना काय ठावं न्हाई व्हय? त्यांनी तोंडावर म्हनू नये म्हनून तर आमी..." त्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पाहुण्यांवरून अब्रू मोजणाऱ्या, आणि जिथले घास मी वर्षानुवर्षं खाल्ले त्याच घराला मी, तुमच्याकडे कुणी येत नाही असं सांगा म्हणत होतो.

त्या आत गेल्या. मी मागोमाग. बायकांच्या घोळक्याकडे न बघता, चुलीकडे तोंड करून त्या मोठ्यानं म्हणाल्या, "लिवा सायब. आमच्याकडं कुनी येत न्हाई. दिवाळीला लेक, आन जत्रंला तिचा दीर. बाकी कुनी न्हाई."

मग ती दोन-दोन पंगतीवाली जाऊ पुढे झाली. तिच्याशी मालनबाईंचं बांधावरून वर्षानुवर्षं वाकडं. ती म्हणाली, "आमच्याकडंबी कुनी येत न्हाई. लिवा."

"आमचं बी तसंच लिवा," आणखी एक जण म्हणाली, आणि मग सगळ्याच.

शेषाद्रींना मराठी येत नसलं तरी माणसं वाचता येत होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं. "पंधरा मिनिटांपूर्वी रोज पाहुणे होते. तुम्ही बाईंना बाजूला घेऊन गेलात. आता एकाही घरात पाहुणा नाही. तुम्ही त्यांना काय सांगितलंत?"

मी म्हटलं, "खरं सांगायला सांगितलं."

"अर्थात," ते म्हणाले. "सगळे हेच सांगतात." आणि त्यांनी वही मिटली.

झालं. वीस वर्षं शेणात हात घालून जे कमावलं होतं ते मी गोठ्यात जाऊन एका वाक्यात घालवलं. गप्प बसलो असतो तर निदान काहीतरी उरलं असतं. मालनबाई माझ्याकडे बघत होत्या. अब्रूही गेली आणि गॅसही गेला, एवढंच त्या नजरेत होतं. मी मान खाली घातली.

मान खाली होती म्हणूनच मला ती दिसली. एक तांबडी कोंबडी, पिसं फुलवून, तरातरा आत आली. चुलीपर्यंत गेली, आगीची झळ लागली तशी मागे फिरली, आणि शेषाद्रींच्या अनवाणी पायाच्या अंगठ्यावर तिनं अशी चोच मारली की तो चढत नसलेला आवाज पहिल्यांदा चढला.

"व्हॉट इज राँग विथ धिस हेन?"

"हुश्श! भवाने!" मालनबाई धावल्या. "सायब, तिची जागा हाय ती. तुमच्यासाठी सकाळी हाकललीया, म्हनून डूख धरलाय तिनं."

"तिची जागा? कुठली?"

"ही चूलच की. यातच बसलेली, खुडूक. मऊ राख, उबारा, मांजराची भीती न्हाई. उचलून तिकडं ठिवलीत अंडी." कोपऱ्यात एक बांबूची पाटी होती, जुन्या लुगड्याच्या फडक्याखाली झाकलेली.

मी हे भाषांतर केलं तेव्हा शेषाद्री अंगठा चोळायचे थांबले. त्यांनी विचारलं, कोंबडी किती दिवस अशी बसते. मी म्हटलं, पिल्लं निघेपर्यंत, आठवड्यामागून आठवडे, उठते ती दाणापाण्यापुरती. त्यांनी विचारलं, आणि ही अंडी कधीची. मालनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, पाटीतून एक अंडं उचललं आणि सरळ त्यांच्या कानाला लावलं.

त्या माणसानं जन्मात अंड्याला हात लावला नसेल. तो घाबरून मागे सरला, मग थांबला. मग त्यानं स्वतःच ते अंडं हातात घेतलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला. कवच फोडायच्या आदल्या दिवशी पिल्लू आतून चिवचिवतं.

"या चुलीत," ते हळू म्हणाले, "इतके आठवडे एकदाही जाळ झाला नाही."

"कशाला व्हईल?" मालनबाई म्हणाल्या. "कुनी आलंच न्हाई तर."

मग शेषाद्रींना झपाटल्यासारखं झालं. ते आळीतल्या प्रत्येक घरात शिरले. चुलीकडे बघेनात, चुलीशेजारी बघायला लागले. कारण सकाळी पाहुण्यासाठी प्रत्येक चूल रिकामी केली होती, आणि तिच्यातून काढलेला संसार बाजूलाच पडला होता. एकीच्या चुलीतून कांद्याचं बी निघालं होतं, गाठोड्यात बांधलेलं. एकीकडे चपला. एका घरात मांजरीची पिल्लं. दोन-दोन पंगतीवाल्या जावेच्या चुलीतून तिच्या सुनेनं लपवलेला पावडरचा डबा निघाला, त्यावरून पुढे चार दिवस वाजत होतं म्हणे. एका चुलीत मात्र खाली जुनी, घट्ट बसलेली राख होती आणि बाजूला काहीच नव्हतं. तिथे नळी खरोखरच फुटली होती आणि चूल रोज पेटत होती. ते घर त्यांनी कापलं. बरोबर होतं.

परत येऊन ते मालनबाईंच्या ओट्यावर जेवायला बसले. तीन भाकरी खाल्ल्या. त्यांचा अहवाल पुढे मी वाचला. सणासुदीच्या आणि पाहुण्यांच्या धुराची रीतसर कपात केलेली, आणि मालनबाईंच्या घरापुढे दोन ओळी: 'भेटीच्या वेळी चूल पेटलेली आढळली. कारण: तपासनीस.' एवढा प्रामाणिक कागद मी या धंद्यात दुसरा पाहिला नाही.

सगळं गोड झालं असं मात्र लिहिता येत नाही. कागद परदेशात फिरले, महिन्यांमागून महिने गेले, आणि पैसे आले तोवर बाजारात न निघालेल्या धुराचा भाव पडला होता. दुसरी फेरी ठरली होती त्यापेक्षा लहान झाली. रंजनाच्या वाडीतली खालची घरं झाली, वरची राहिली ती राहिलीच. त्या वरच्या घरांच्या वाटेनं मी नंतर गेलो नाही. तोंड नव्हतं. अवसरी खुर्दच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मला एकदा या विषयावर बोलायला बोलावलं होतं. तिथे एका पोरीनं विचारलं, "सर, मग त्या वरच्या बायका लाकडाला कुठे जातात?" मी म्हटलं, ओढ्यात. आणि पाण्याचा पेला उचलला.

रंजनाचं घर खालच्या अंगाला होतं. तिची टाकी पेटल्यावर बऱ्याच दिवसांनी मी तिकडे गेलो, तपासणीलाच. तिचं पोरगं अंगणात रांगत होतं. मालनबाई लेकीकडे आलेल्या. दुपारची वेळ, मला कडकडून भूक लागलेली. मी सवयीनं ओट्यावर टेकलो आणि चूल पेटायची वाट बघायला लागलो.

"तिकडं का बसलाय?" आतून रंजना म्हणाली. "आत या की."

मी आत गेलो. तिनं शेगडीला काडी लावली, निळा जाळ आला, आणि तिनं त्याच्यावर तवा ठेवला. खरं सांगतो, मला लागलं. एवढं सगळं केल्यावर हा मान? मालनबाईंच्याही ते ध्यानात आलं असावं. त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "रंजे, अगं चूल पेटव की. भाऊ आल्यात."

रंजना भाकरी थापत होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही. "ते काय पावणं हायेत का, आई?" म्हणाली.

मी शेगडीपाशी मांडी घालून बसलो. एक बाजू जराशी कच्ची होती भाकरीची. मी आणखी एक मागून घेतली.